यष्टिरक्षकाची व्यावसायिक कारकीर्द

क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या यष्टींमागे उभा राहून गोलंदाजाने टाकलेला चेंडू अडविणाऱ्या क्षेत्ररक्षकास यष्टिरक्षक म्हणतात. बोलीभाषेत त्याला ‘विकेटकीपर’ किंवा नुसते ‘कीपर’ असे संबोधिले जाते. अमेरिकेत व जपानमध्ये लोकप्रिय असलेल्या बेसबॉल या खेळातील ‘कॅचर’ हा त्याचा निकटचा भाऊबंद होय. दोघेही वाकून वा उकिडवे बसून चेंडूची वाट पाहतात, दोघांनाही इतर क्षेत्ररक्षकांपेक्षा अधिक संरक्षक साहित्य लागते आणि मैदानाकडे तोंड करून सगळा खेळ समोरून पाहण्याची सोय संघात या एकाच खेळाडूला असते. आणखी एक साम्य दोघांच्या उपजीविकेशी निगडित आहे. संघात फलंदाज सहा-सात आणि गोलंदाज चार-पाच असतात. यष्टिरक्षक मात्र एकच असतो. ती एक जागा भरलेली असली, की दुसऱ्या यष्टिरक्षकाचे कौशल्य कितीही असो, त्याला थांबावे लागते. त्यामुळे या व्यवसायात किती सामने खेळले याइतकेच किती काळ वाट पाहिली यालाही महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात या कारकीर्दीचे स्वरूप मुख्यतः वऱ्हाडातील, म्हणजे अमरावती व अकोला परिसरातील, उदाहरणांच्या आधारे विशद केले आहे.

नियम व साधने : क्रिकेटच्या नियमावलीतील सत्ताविसावा नियम यष्टिरक्षकाविषयी आहे. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघात हातमोजे व बाहेरून बांधावयाचे पायांचे पॅड वापरण्याची मुभा केवळ त्यालाच असते. हातमोज्यांच्या बोटांमध्ये पडदा असता कामा नये. अपवाद फक्त तर्जनी व अंगठा यांमधील जागेचा. बेसबॉलचा कॅचर एकाच हातात मोठा गादीदार मोजा घालतो व दुसरा हात चेंडू फेकण्यासाठी मोकळा ठेवतो. यष्टिरक्षकाला दोन्ही हातांनी चेंडू घ्यावयाचा असल्याने त्याचे मोजे तुलनेने पातळ असतात आणि आत आणखी एक मऊ मोजा घातला जातो. चेंडू फलंदाजाच्या बॅटला वा शरीराला लागेपर्यंत, यष्टी ओलांडून जाईपर्यंत किंवा फलंदाज धाव घेण्याचा प्रयत्न करीपर्यंत यष्टिरक्षकाने यष्टींच्या पूर्णपणे मागे राहिले पाहिजे. तसे न झाल्यास पंच तो चेंडू ‘नोबॉल’ ठरवितात. न वापरलेले शिरस्त्राण त्याच्या पाठीमागे जमिनीवर ठेवलेले असते व त्यास चेंडू लागल्यास प्रतिपक्षाला पाच धावा मिळतात. यष्टिरक्षक जायबंदी झाल्यास बदली खेळाडूला पंचांच्या संमतीने यष्टिरक्षण करता येते, ही तरतूद २०१७ च्या नियमावलीत आली. त्यापूर्वी मैदानावरील उरलेल्या दहांपैकी कोणा एकाला मोजे चढवावे लागत आणि सरावाच्या अभावी पुष्कळदा त्याची फजिती होई.

फलंदाज क्रीझबाहेर गेला असता, तो धाव घेण्याच्या प्रयत्नात नसताना, यष्टिरक्षकाने इतर कोणा क्षेत्ररक्षकाच्या मदतीवाचून यष्टी पाडल्यास फलंदाज यष्टिचीत होतो. हा एक बाद-प्रकार असा आहे, की जो यष्टिरक्षकाशिवाय घडूच शकत नाही.

कामाचे स्वरूप : द्रुतगती गोलंदाजाच्या वेळी यष्टिरक्षक यष्टींपासून बराच मागे, साधारणतः पहिल्या स्लिपच्या जवळपास, उभा राहतो, फिरकी गोलंदाजाच्या वेळी तो यष्टींना अगदी भिडून बसतो. पहिल्या प्रकारात चपळाईला, तर दुसऱ्या प्रकारात स्थिरतेला महत्त्व असते. यष्टींजवळ उभे असताना फलंदाजाचे शरीर व बॅट यांमुळे चेंडू क्षणभर दिसेनासा होतो आणि तो टप्पा पडून किती वळेल व किती उसळेल हे हातांनी आधीच ओळखावे लागते. जाणकार यष्टिरक्षक चेंडूबरोबर वर उठतो, चेंडूच्या आधी नव्हे. घाईने उठणाऱ्याच्या मोज्यांखालून चेंडू निसटतो. ही चूक नवशिक्यांत सर्रास आढळते. चेंडू घेताना हात किंचित मागे नेऊन त्याचा वेग जिरवावा लागतो, अन्यथा चेंडू तरी उसळून बाहेर पडतो किंवा बोट तरी दुखावते. बहुतेक जुन्या यष्टिरक्षकांची एक-दोन बोटे कायमची वाकडी झालेली असतात.

रणजी करंडकाच्या सामन्यात दिवसाला ९० षटके, म्हणजे ५४० चेंडू टाकले जातात. यष्टिरक्षकाला प्रत्येक चेंडूसाठी वाकावे व उठावे लागते, मग तो चेंडू त्याच्याकडे येवो वा न येवो. त्याचा ताण गुडघे, मांड्या आणि कंबर यांवर पडतो. वऱ्हाडात त्यात हवामानाची भर पडते. अकोल्याची गणना राज्यातील सर्वांत उष्ण ठिकाणांत होते व क्रिकेटचा हंगाम हिवाळ्याचा असला, तरी शाळा-महाविद्यालयांच्या मुलांचा सराव उन्हाळी सुटीत चालतो. येथील काळी, चिकण जमीन वाळली की भेगाळते. काळ्या मातीच्या खेळपट्टीवर चेंडू सामान्यतः खाली राहतो व मंद येतो, त्यामुळे यष्टिरक्षकाला अधिक वेळ खाली बसून राहावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी दीर्घकाळ काथ्याच्या मॅटिंगवर खेळ चाले. मॅटिंगवर चेंडू उंच उसळतो. अशा मैदानावर शिकलेला यष्टिरक्षक मातीच्या खेळपट्टीवर आला, की त्याला बसणे-उठण्याची वेळ नव्याने साधावी लागे.

धावफलकाच्या वहीत यष्टिरक्षकाच्या नावे झेल आणि यष्टिचीत यांची नोंद होते. त्याच्या हातून सुटलेल्या चेंडूंवर निघालेल्या धावा ‘बाय’ या सदरात जमा होतात. सोडलेला झेल किंवा हुकलेले यष्टिचीत मात्र वहीत कोठेच दिसत नाही. ते स्मरणात राहते ते गोलंदाजाच्या. याउलट दिवसभरात अडविलेले चारशे चेंडूही वहीत नसतात. यष्टिरक्षकाचे उत्तम काम डोळ्यांत भरत नाही, असे जे म्हटले जाते त्याचे कारण बव्हंशी या नोंदपद्धतीत आहे. निवड समितीसमोर जे आकडे येतात ते पुष्कळदा त्याच्या फलंदाजीचे असतात.

बेसबॉलचा कॅचर बोटांच्या खुणांनी गोलंदाजाला कोणता चेंडू टाकावा हे सुचवितो. अमेरिकेच्या प्रमुख लीगमध्ये २०२२ पासून या खुणांऐवजी विद्युत् उपकरण वापरण्यास परवानगी मिळाली. यष्टिरक्षकाकडे असा अधिकार नसतो. गोलंदाज काय टाकणार हे बहुधा त्याला चेंडू हातातून सुटल्यावरच कळते. तो सल्ला देतो, क्षेत्ररचनेतील चूक दाखवितो, फलंदाजाचे पाय कोठे पडतात हे कर्णधाराला सांगतो आणि पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागावयाची की नाही, या प्रसंगी त्याचे मत निर्णायक ठरते. थोडक्यात, जबाबदारी कर्णधाराची, पण दृष्टी यष्टिरक्षकाची, अशी ही विभागणी आहे.

एकाच जागेचा प्रश्न : भारतीय क्रिकेटच्या इतिहासात या एका जागेसाठी चाललेल्या स्पर्धेची अनेक उदाहरणे सापडतात. १९५०–६० च्या दशकात महाराष्ट्राचे नाना जोशी, मुंबईचे माधव मंत्री आणि मुंबईचेच नरेन ताम्हाणे हे तिघेही कसोटी सामन्यांत यष्टींमागे उभे राहिले. मंत्री यांना ४, जोशी यांना १२, तर ताम्हाणे यांना २१ कसोटी सामने मिळाले. ताम्हाणे यांनी त्या २१ सामन्यांत ३५ झेल घेतले व १६ फलंदाजांना यष्टिचीत केले. यष्टींजवळील त्यांच्या सफाईदार कामाची वाखाणणी झाली. परंतु फलंदाजीतील त्यांची सरासरी दहाच्या आसपास राहिली आणि १९६० मध्ये बुधी कुंदरन या तडफदार फलंदाजाचा उदय झाला. फलंदाजी न येणारा यष्टिरक्षक आणि फलंदाजी येणारा यष्टिरक्षक यांमधील निवड तेव्हापासून आजतागायत सुटलेली नाही. अलीकडे ती फलंदाजाच्या बाजूने अधिक झुकली आहे, एवढेच.

सय्यद किरमाणी यांनी पुढे ८८ कसोटी सामने खेळले. पण तत्पूर्वी फरोख इंजिनियर यांच्या मागे ते राखीव यष्टिरक्षक म्हणून १९७१ व १९७४ असे दोन वेळा इंग्लंडला जाऊन आले होते. त्यांचा पहिला कसोटी सामना १९७६ च्या जानेवारीत ऑक्लंड येथे झाला आणि लगेच पुढच्या कसोटीत त्यांनी एका डावात सहा फलंदाज बाद करण्यास हातभार लावून त्या वेळच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. मुंबईचे चंद्रकांत पंडित यांचा काळ बडोद्याच्या किरण मोरे यांचा काळ ठरला. मोरे ४९ कसोटी खेळले, पंडित ५. पंडित यांनी १९८६ मध्ये लीड्स येथे पहिली कसोटी खेळली ती फलंदाज म्हणून. १९८७ च्या विश्वचषकाच्या मुंबई येथील उपांत्य सामन्यातही दिलीप वेंगसरकर उपलब्ध नसल्याने त्यांना स्थान मिळाले.

विदर्भाच्या भूमीवर घडलेला याच जातीचा एक प्रसंग नमूद करण्याजोगा आहे. नागपूरजवळील जामठा येथील मैदानावर ६ फेब्रुवारी २०१० रोजी भारत व दक्षिण आफ्रिका यांच्यातील कसोटी सुरू होण्यापूर्वी, सरावात रोहित शर्मा यांना दुखापत झाली व ऐनवेळी बंगालचे वृद्धिमान साहा यांना संघात घेण्यात आले. अशा रीतीने साहा यांनी पहिली कसोटी खेळली. परंतु यष्टींमागे महेंद्रसिंग धोनी होते आणि साहा इतर क्षेत्ररक्षकांप्रमाणे मैदानात उभे राहिले. धोनी यांनी २०१४ च्या अखेरीस कसोटी क्रिकेट सोडल्यानंतरच ती जागा साहा यांना खऱ्या अर्थाने मिळाली.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी : वऱ्हाड म्हणजे पूर्वीचा बेरार प्रांत, आजच्या अमरावती विभागातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे पाच जिल्हे त्यात मोडतात. अमरावतीची क्रीडाक्षेत्रातील ओळख क्रिकेटपेक्षा देशी व्यायामाने अधिक घडली. अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंच्या पुढाकाराने १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. मल्लखांब, कुस्ती, कबड्डी यांचा हा वारसा आणि यष्टिरक्षण यांचा थेट संबंध जोडणे धाडसाचे होईल. मात्र मांड्यांतील ताकद, लवचिकपणा व खाली बसून क्षणात झेपावणे या गोष्टींना या गावात पूर्वापार मान आहे, हे खरे.

क्रिकेटची सत्ता नागपूरला एकवटलेली होती व आहे. रणजी करंडकाच्या प्रारंभकाळात या भागाचा संघ ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाने खेळे. १९५७-५८ च्या हंगामापासून ‘विदर्भ’ हे नाव स्पर्धेत आले. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत विदर्भाचे सर्व ११ जिल्हे येतात. परंतु मुख्य मैदाने, निवड चाचण्या आणि महत्त्वाचे साखळी सामने नागपुरात होतात. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किमी., तर अकोल्याहून सुमारे २५० किमी. अंतरावर आहे. जिल्ह्यातील मुलाच्या दृष्टीने क्रिकेट खेळणे म्हणजे पहाटेची गाडी पकडून नागपूरला जाणे. गोलंदाजाला चाचणीत दोन-चार षटके मिळतात व त्यांत तो नजरेत भरू शकतो. यष्टिरक्षकाच्या वाट्याला चेंडू येईल की नाही, हेच निश्चित नसते. त्यामुळे दूरच्या जिल्ह्यातून येणाऱ्या यष्टिरक्षकाची अडचण दुहेरी असते.

विदर्भाने रणजी करंडकात साठ वर्षे विजेतेपदाविना काढली. २०१७-१८ च्या हंगामात इंदूर येथे दिल्लीला ९ गडी राखून हरवून संघाने पहिल्यांदा करंडक जिंकला. या विजयाच्या मागे यष्टिरक्षकांचा हात दोन प्रकारे होता. संघाचे प्रशिक्षक वर उल्लेखिलेले चंद्रकांत पंडित हे होते. आणि अंतिम सामन्यात नागपूरचे यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांनी पहिल्या डावात १३३ धावा केल्या. त्याच सामन्यात अकोल्याचे द्रुतगती गोलंदाज आदित्य ठाकरे यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पुढच्या वर्षी, २०१८-१९ मध्ये, सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला. वाडकर यांच्याकडे नंतर कर्णधारपद आले. मार्च २०२४ मध्ये मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात ५३८ धावांचे लक्ष्य समोर असताना त्यांनी १०२ धावा केल्या, परंतु विदर्भाचा पराभव झाला. २०२४-२५ मध्ये मात्र त्यांच्याच नेतृत्वाखाली केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक पटकाविला.

वाडकर यांचा असा जम बसल्यामुळे विदर्भाच्या चार-पाच दिवसांच्या सामन्यांतील एकमेव जागा भरली गेली. तिच्या बाहेर जो राहिला, त्याची कारकीर्द या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे.

जितेश शर्मा : जितेश शर्मा यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९९३ रोजी अमरावती येथे झाला. लहानपणी त्यांची ओढ सैन्यदलाकडे होती आणि राज्यस्तरीय खेळाडूला परीक्षेत वाढीव गुण मिळतात, ते पुढे उपयोगी पडतील, या हिशेबाने आपण क्रिकेटकडे वळलो, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. जिल्ह्याच्या गावांतील अनेक पालकांच्या मनातील क्रीडागुणांचे गणित यात प्रांजळपणे व्यक्त झाले आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत विजय हजारे करंडक स्पर्धेत ते विदर्भाकडून पहिल्यांदा खेळले व १ ऑक्टोबर २०१५ रोजी रणजी करंडकात त्यांचे पदार्पण झाले. २०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली करंडक या वीस षटकांच्या स्पर्धेत त्यांनी एका शतकासह ३४३ धावा काढल्या. त्या स्पर्धेत सर्वाधिक धावा करणाऱ्यांत त्यांचा तिसरा क्रमांक होता. या कामगिरीची दखल घेऊन २०१६ च्या लिलावात इंडियन प्रीमियर लीगमधील मुंबई इंडियन्स या संघाने त्यांना १० लाख रुपयांना विकत घेतले.

मुंबईकडून त्यांना एकही सामना खेळावयास मिळाला नाही. पार्थिव पटेल व जोस बटलर यांसारखे आंतरराष्ट्रीय यष्टिरक्षक तेव्हा त्या संघात होते. त्यानंतर काही वर्षे शर्मा या लीगबाहेर राहिले. विदर्भाच्या रणजी संघातही वाडकर यांच्यामुळे संधी मोजक्याच मिळाल्या आणि मर्यादित षटकांचे सामने हेच त्यांचे मुख्य क्षेत्र बनले. वयाची तेवीस ते अठ्ठावीस ही वर्षे खेळाडूच्या आयुष्यात सर्वांत मोलाची मानतात. ती अशी गेली. या काळात त्यांनी डावाच्या अखेरच्या षटकांत येऊन पहिल्या चेंडूपासून फटकेबाजी करण्याचे तंत्र घोटविले. सलामीला येणाऱ्या आक्रमक यष्टिरक्षकांची देशात वाण नव्हती; पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊन सामना संपविणारे मात्र थोडे होते. रिकामी जागा कोठे आहे ते पाहून आपला खेळ त्या मापाचा करणे, हा निर्णय फलदायी ठरला.

२०२२ च्या लिलावात पंजाब किंग्ज या संघाने त्यांना २० लाख रुपये या मूळ किमतीला घेतले. ३ एप्रिल २०२२ रोजी चेन्नई सुपर किंग्जविरुद्ध त्यांनी लीगमधील पहिला सामना खेळला व १७ चेंडूंत २६ धावा केल्या. मुंबईने प्रथम विकत घेतल्यापासून सहा वर्षे उलटली होती. त्या हंगामात १२ सामन्यांत २३४ व २०२३ मध्ये १४ सामन्यांत ३०९ धावा त्यांनी काढल्या. पंजाबच्या याच संघात अकोल्याचे सलामीचे फलंदाज अथर्व तायडे होते. १७ मे २०२३ रोजी धरमशाला येथे दिल्लीविरुद्ध तायडे ४२ चेंडूंत ५५ धावांवर असताना त्यांना स्वेच्छेने बाद म्हणून माघारी बोलाविण्यात आले, कारण धावगती वाढविणे भाग होते. त्यांच्या जागी शर्मा आले. अकोल्याच्या फलंदाजाला परत बोलावून अमरावतीच्या फलंदाजाला पाठविण्याची ती चाल फसली. शर्मा धाव न करता बाद झाले आणि पंजाबने सामनाही गमावला.

जानेवारी २०२३ मध्ये संजू सॅमसन जायबंदी झाल्याने श्रीलंकेविरुद्धच्या मालिकेसाठी शर्मा यांची भारतीय संघात निवड झाली, पण खेळण्याची पाळी आली नाही. प्रत्यक्ष पदार्पण ३ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत नेपाळविरुद्ध झाले. त्या वेळी ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. त्या स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळाले. १ डिसेंबर २०२३ रोजी रायपूर येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी १९ चेंडूंत ३५ धावांची उपयुक्त खेळी केली. मात्र २०२४ चा लीग हंगाम त्यांना साधला नाही (१४ सामने, १८७ धावा), आणि त्या वर्षीच्या वीस षटकांच्या विश्वचषकासाठी यष्टिरक्षक म्हणून ऋषभ पंत व सॅमसन यांची निवड झाली.

नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात रॉयल चॅलेंजर्स बंगळुरू या संघाने शर्मा यांच्यासाठी ११ कोटी रुपये मोजले. तेथे फलंदाजीचे मार्गदर्शक दिनेश कार्तिक हे होते. धोनी यांच्या काळातील सर्वाधिक प्रतीक्षा केलेल्या यष्टिरक्षकांपैकी ते एक. अखेरच्या षटकांतील फलंदाज म्हणून कारकीर्दीच्या उत्तरार्धात त्यांनी स्वतःला नव्याने घडविले होते, त्यामुळे शिष्याची अडचण त्यांना परकी नव्हती. २७ मे २०२५ रोजी लखनौ येथे झालेला सामना शर्मा यांच्या कारकीर्दीतील सर्वांत गाजलेला होय. नियमित कर्णधार रजत पाटीदार पूर्ण वेळ मैदानात नसल्याने नेतृत्व शर्मा यांच्याकडे होते. लखनौचे कर्णधार व यष्टिरक्षक पंत यांनी नाबाद ११८ धावा केल्या व बंगळुरूपुढे २२८ धावांचे लक्ष्य ठेवले. शर्मा यांनी ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून आठ चेंडू शिल्लक असताना विजय मिळवून दिला. मयंक अगरवाल यांच्यासमवेत त्यांनी १०७ धावांची अभेद्य भागीदारी केली. खेळी ऐन रंगात असताना गोलंदाज दिग्वेश राठी यांनी चेंडू न टाकता गोलंदाजाच्या बाजूकडील यष्टी पाडून शर्मा यांना धावचीत करण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या पंचांनी नाबाद असा निर्णय दिला आणि पंत यांनी अपीलही मागे घेतले. या विजयामुळे बंगळुरूला गुणतक्त्यात पहिल्या दोघांत स्थान मिळाले. ३ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथील अंतिम सामन्यात शर्मा यांच्या पूर्वीच्याच संघाविरुद्ध, म्हणजे पंजाबविरुद्ध, बंगळुरूने ६ धावांनी विजय मिळवून लीगचे पहिले विजेतेपद संपादन केले. त्यात शर्मा यांच्या १० चेंडूंतील २४ धावा होत्या. विजयाचे अंतर पाहता त्यांचे मोल ध्यानी येते.

अर्थार्जन : व्यावसायिक क्रिकेट हे भारतात तसे अलीकडचे. जोशी-ताम्हाणे यांच्या पिढीतील खेळाडू नोकरी सांभाळून खेळत; रेल्वे, बँका व मोठ्या उद्योगसंस्था हे त्यांचे आश्रयस्थान होते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२१ मध्ये देशांतर्गत खेळाडूंचे मानधन वाढविले. त्यानुसार रणजी करंडकासाठी ४० हून अधिक सामने खेळलेल्यास दररोज ६० हजार, २१ ते ४० सामने खेळलेल्यास ५० हजार, तर त्याहून कमी सामने खेळलेल्यास ४० हजार रुपये ठरले. राखीव खेळाडूला याच्या निम्मी रक्कम मिळते. हा तपशील यष्टिरक्षकाला विशेष लागू पडतो. राखीव फलंदाजाला पाच-सहा जागांपैकी एखादी रिकामी होण्याची आशा असते; राखीव यष्टिरक्षकाचे अर्धे मानधन हे वर्षानुवर्षे अर्धेच राहू शकते, शिवाय सामन्यांची संख्या न वाढल्याने तो वरच्या श्रेणीतही जात नाही.

लिलावात यष्टिरक्षकांची यादी स्वतंत्र पुकारली जाते. तेथील किंमत कौशल्याबरोबरच त्या दिवशी किती संघांकडे ती जागा रिकामी आहे यावर ठरते. शर्मा यांच्या दोन लिलावांतील, पावणेतीन वर्षांच्या अंतरातील, किमतींत पंचावन्नपट फरक आहे. तेवढ्या काळात त्यांचे यष्टिरक्षण पंचावन्नपट सुधारले असे कोणी म्हणणार नाही. वऱ्हाडातील कापूस उत्पादकाला बाजारभावाचा हा न्याय समजावून सांगण्याची गरज नसावी.

अलीकडील घडामोडी : २०२५-२६ च्या हंगामापूर्वी शर्मा यांनी विदर्भ सोडून बडोद्याच्या संघात प्रवेश केला. सुमारे बारा वर्षांनंतर घरचा संघ सोडण्याच्या या निर्णयाकडे निष्ठेच्या दृष्टीने पाहणे योग्य होणार नाही. वाडकर हे विदर्भाचे यष्टिरक्षक आणि विजेते कर्णधार होते. पस्तिशीकडे झुकणाऱ्या खेळाडूला दुसरीकडे जागा शोधणे क्रमप्राप्तच होते. सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात त्यांचा समावेश होता. परंतु यष्टिरक्षण सॅमसन यांनी केले व शर्मा यांना सामना मिळाला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी होबार्ट येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध सॅमसन यांच्या जागी येऊन त्यांनी १३ चेंडूंत नाबाद २२ धावा केल्या व भारताने सामना जिंकला. त्याच महिन्यात दोहा येथील नवोदितांच्या आशिया चषक स्पर्धेत त्यांनी भारत ‘अ’ संघाचे नेतृत्व केले. ९ डिसेंबर २०२५ रोजी कटक येथे दक्षिण आफ्रिकेचा डाव ७४ धावांत संपुष्टात आला, तेव्हा यष्टींमागे शर्मा होते. त्यानंतर अकरा दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, २०२६ च्या वीस षटकांच्या विश्वचषकासाठी भारतीय संघ जाहीर झाला. त्यात सॅमसन आणि ईशान किशन हे दोन यष्टिरक्षक निवडले गेले. दोघेही सलामीला खेळणारे होते. शर्मा यांचे नाव यादीत नव्हते.